सोळाव्या पानावरचं शहर

गूगलवर काही शोधताना दुसऱ्या पानापलीकडे कोण जातं? मी तर पहिल्या चार ओळींतच भागवतो. अमेरिकेतल्या ट्युलेन विद्यापीठात पीएचडी करणारा ल्यूक ऑल्ड-थॉमस मात्र सोळाव्या पानापर्यंत गेला. निदान त्याला आकडा तसा आठवतो. तिथे त्याला मेक्सिकोच्या कांपेचे राज्यातल्या जंगलाची एक लेझर-पाहणी मिळाली. ती 2013 ची होती आणि पुरातत्त्वाशी तिचा काही संबंध नव्हता. जंगलात कार्बन किती साठलाय हे पाहायला पर्यावरणवाल्यांनी ती करून घेतली होती.

या पाहणीचं, म्हणजे लायडारचं, तंत्र ऐकायला सोपं आहे. विमानातून लेझरचे झोत सोडायचे. बरेचसे पानाफांद्यांवरून परततात, थोडे फटींतून खाली जाऊन जमिनीला टेकून येतात. झाडांवरून परतलेले झोत हिशेबातून वगळले की संगणकावर उरते ती उघडीबोडकी जमीन. कार्बनवाल्यांना झाडं हवी होती, त्यांनी झाडं घेतली. या मुलानं झाडं काढून टाकली आणि खाली माया लोकांचं अख्खं शहर निघालं. पिरॅमिड, चेंडूच्या खेळाचं मैदान, पाणी अडवायचा बंधारा, फरसबंद चौक. पाहणीच्या टापूत एकूण 6764 बांधकामं मोजली गेली. शेजारच्या तळ्यावरून शहराचं नाव ठेवलं व्हॅलेरियाना. इ.स. 750 ते 850 च्या सुमारास तिथे तीस ते पन्नास हजार माणसं राहत असावीत असा अंदाज आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये हे सगळं ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात छापून आलं.

वर्तमानपत्रांनी मथळा दिला ‘जंगलात हरवलेलं शहर सापडलं’. पण हे शहर मोठ्या रस्त्यापासून पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. आजूबाजूला शेतं आहेत, शेतं कसणारी माणसं आहेत, आणि तीही बहुतेक मायाच. हरवलं होतं कुणाचं?

*

ही वही तशी कात्रणांची. हल्ली कात्रणं फोनवर येतात, म्हणून मी त्यातलं जे रात्री झोपताना आठवतं तेवढंच लिहून ठेवतो. सोनं सापडल्याच्या बातम्या सहसा आठवत नाहीत. त्या सगळ्या एकसारख्याच असतात.

*

‘तुतनखामेननंतर प्रथमच!’ फेब्रुवारी 2025. इजिप्तमध्ये लक्झरजवळ, राजांच्या दरीपासून दोनेक किलोमीटर पश्चिमेला, थुटमोस दुसरा याची कबर ओळखली गेली. इजिप्शियन आणि ब्रिटिश पथकाला तिचं तोंड 2022 मध्येच दिसलं होतं. प्रमुख पिअर्स लिथरलँड. आधी वाटलं, कुणा राणीची असेल. मग छतावर निळ्या रंगात पिवळ्या चांदण्या दिसल्या. तसलं छत राजालाच.

आत काही नव्हतं. कबर एका धबधब्याच्या खाली खोदली होती, पुरेसा विचार न करता. दफनानंतर थोड्याच वर्षांत पाणी शिरलं, आणि आतलं सगळं दुसरीकडे हलवलं गेलं. मागे उरले गिलाव्याचे तुकडे आणि अलाबास्टरच्या भांड्यांचे तुकडे, ज्यांवर राजाचं आणि त्याची राणी हॅटशेपसुट हिचं नाव होतं. राजा स्वतः तर 1881 पासून मिळालेला होता. दैर एल-बहरीच्या त्या प्रसिद्ध चोरकप्प्यात पुजाऱ्यांनी लपवून ठेवलेल्या ममींमध्ये जी त्याची मानली जाते ती होती. म्हणजे माणूस आधी मिळाला, घर 140 वर्षांनी. तेही रिकामं आणि ओल आलेलं. पावसाळ्यात छत गळणाऱ्या घरात राहिलेल्या कुणालाही या राजाबद्दल थोडी आपुलकी वाटेल.

*

‘सर्वात जुनं’ या शब्दानं मला वात आणलाय. दर महिन्याला जगातलं सर्वात जुनं काहीतरी सापडतं आणि पुढच्या महिन्यात ते दुसऱ्या नंबरवर जातं. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या गुहेतलं डुकराचं चित्र 2024 मध्ये 51,200 वर्षांचं ठरलं. डुक्कर, शेजारी तीन माणसासारख्या आकृती. चित्र जुनं आहे हे खरंच, पण मला धरून ठेवतं ते वेगळंच. डुक्कर एकटं नाही. तिथे काहीतरी चाललंय. कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगतंय.

याच्या शेजारी झांबियातल्या कलांबो धबधब्याची नोंद हवी. तिथे नदीकाठच्या ओल्या गाळात लाकडाचे दोन ओंडके सापडले, एकावर एक आडवे. वरच्या ओंडक्याला खालून खाच पाडलेली, ती खालच्यावर नीट बसते. वय 476,000 वर्षं. लाकूड इतकं टिकत नाही. ते टिकलं कारण पाण्याखाली कुजायला हवा नव्हती. लिव्हरपूल विद्यापीठाच्या लॅरी बॅरम यांच्या पथकानं सप्टेंबर 2023 मध्ये ‘नेचर’मध्ये हे मांडलं. वय ठरवलं भोवतालच्या वाळूवरून. वाळूच्या कणाला शेवटचं ऊन कधी लागलं ते मोजता येतं.

आकडा पुन्हा वाचला. आपण, म्हणजे होमो सेपियन्स, फार तर तीन लाख वर्षांपूर्वी उगवलो. तेव्हा ही खाच पाडणारा आपल्यातला नव्हताच. आमच्या गल्लीतल्या सुताराला फोटो दाखवला. कुसूचा सांधा नाही, साधी खाच आहे, असं म्हणून त्यानं फोन परत दिला. मग पुन्हा मागून घेतला, मोठा करून पाहिला आणि म्हणाला, “पण बसलीय बरोबर.”

*

बेरेनिके. हे नाव वहीत चार ठिकाणी आलंय, म्हणून आता एकत्र लिहितो.

इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरचं हे बंदर. इ.स.पू. तिसऱ्या शतकात टॉलेमी दुसऱ्यानं वसवलं आणि आईचं नाव दिलं. मागे वाळवंट, पुढे समुद्र, प्यायला पाणी नाही. तिथून नाईल गाठायला उंटांचे तांडे बारा दिवस चालायचे. अशा ठिकाणी कोण राहील? पण मोसमी वारा धरून भारताकडे निघणारी जहाजं इथूनच सुटायची, म्हणून माणसं राहिली. डेलावेअर विद्यापीठाचे स्टीव्हन साइडबोथम तिथे 1994 पासून खणताहेत, नंतर पोलिश संशोधकही त्यांना येऊन मिळाले.

2022 च्या जानेवारीत इसिसच्या मंदिराच्या आवारात बुद्धाची मूर्ती मिळाली. संगमरवरी, 71 सेंटिमीटर उंच, उजवी बाजू तुटलेली. दगड इस्तंबूलच्या दक्षिणेकडच्या खाणीतला, घडणावळ बहुधा अलेक्झांड्रियाची. म्हणजे बुद्ध भारतातून आला नाही, इजिप्तमध्येच घडला. तिथे बुद्ध घडवून घेणारं गिऱ्हाईक होतं. त्याच मंदिरात एक संस्कृत शिलालेखही मिळाला, फिलिप नावाच्या रोमन सम्राटाच्या काळचा, इ.स. 248 चा. इसिसच्या देवळात बुद्ध आणि संस्कृत! कुणाला खटकलं नसावं. बंदरातल्या देवांना सगळ्यांशी जमवून घ्यावं लागतं.

आणि सातवाहनांची दोन नाणी. ही ओळ वाचून मी उठून बसलो. पैठणचे सातवाहन! लहानपणी शालिवाहन शक म्हणून पंचांगात भेटलेले. त्यांच्या टांकसाळीतलं नाणं तांबड्या समुद्राच्या वाळूत. ते कुणी व्यापाराला नेलं असेल असं वाटत नाही. दूरदेशी त्या नाण्याला काय किंमत? खिशात, म्हणजे कमरेच्या कशात तरी, राहून गेलं असेल. परदेशातून परतल्यावर कोटाच्या खिशात दोन-चार परकी नाणी निघतात तसं.

पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस’ नावाचं समुद्रप्रवासाचं बाड लिहिलं. त्यात बेरेनिकेही आहे आणि पैठणही. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तेथून कापड आणि पैठणचे अकीक बैलगाड्यांनी, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जायचे. कल्याण, सोपारा, चौल हीही नावं त्यात आहेत. आज मध्य रेल्वेनं कल्याणला उतरणाऱ्याला हे सांगून उपयोग नाही, त्याला बदलापूर लोकल पकडायची असते.

उलट दिशेचा मालही आपल्याकडे पडलेला आहे. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात ग्रीक समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती निघाली, ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. पॉम्पेईत 1938 मध्ये जी हस्तिदंती भारतीय बाहुली मिळाली तिच्यासारख्या आकृती तेरला आणि जालन्याजवळच्या भोकरदनला मिळाल्या आहेत. कोल्हापूरला गेलेले शंभरातले नव्वद जण पोसायडन पाहत नाहीत. मीही पहिल्या तीन खेपांना पाहिला नव्हता, मिसळ खाऊन परतलो होतो.

बेरेनिकेची आणखी दोन दृश्यं. एक, देवळाच्या अंगणात पुरलेला मातीचा रांजण, भारतीय घडणीचा, आणि त्यात साडेसात किलो काळी मिरी. मलबारची. दोन हजार वर्षं तशीच. दोन, गावाबाहेरचं पाळीव प्राण्यांचं दफनस्थान. मार्ता ओसिपिन्स्का या पोलिश संशोधिकेनं तिथे पाचशेच्या वर प्राणी मोजले. बहुतेक मांजरं, काहींच्या गळ्यात मण्यांच्या माळा. आणि त्यांच्यात माकडं. आधी वाटलं, आफ्रिकेतली असतील. हाडं तपासली तर ती निघाली भारतातली. एका कोवळ्या माकडाला लोकरीचं पांघरूण घातलेलं होतं.

जहाजावर मिरीच्या पोत्यांवर बसून आलेलं माकड. समुद्रावर दोन-अडीच महिने. त्याला प्यायला पाणी कुणी दिलं? जहाजावरच्या मोजक्या गोड्या पाण्यातलं दिलं असणार. उतरल्यावर वाळवंट, उन्हाळा, झाड एकही नाही. फार जगलं नाही. पण मेल्यावर कुणीतरी त्याला उकिरड्यावर न टाकता पुरलं, आणि पांघरूण घातलं. त्या मुलखात लोकर काही फुकट मिळत नसे.

*

मध्येच एक कोडं. जानेवारी 2024 मध्ये ब्रिटनमधून बातमी: लिंकनशरमधल्या नॉर्टन डिस्नी गावात हौशी स्वयंसेवकांना रोमन काळातलं बारा बाजूंचं काशाचं पोकळ भांडं मिळालं. भांडं म्हणायचं ते शब्द नाही म्हणून. प्रत्येक बाजूला वेगळ्या मापाचं भोक, प्रत्येक कोपऱ्यावर गोळी. अशी शंभराच्या वर वायव्य युरोपात मिळाली आहेत. रोमनांनी विहिरींपासून मधमाश्यांपर्यंत सगळ्यावर लिहून ठेवलं, याच्यावर एक अक्षर नाही. उपयोगाचे तर्क पन्नासेक आहेत. हातमोजे विणायचं साधन, असाही एक. मला तोच आवडतो.

*

स्टोनहेंजच्या मधोमध आडवा पडलेला सहा टनांचा दगड. नाव ‘वेदीचा दगड’. गेली शंभर वर्षं सगळे म्हणत, वेल्समधून आणला. तिथले छोटे निळसर दगड वेल्सचेच आहेत, तेव्हा हाही. ऑगस्ट 2024 मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला की तो वेल्सचा नाही, ईशान्य स्कॉटलंडचा. किमान 750 किलोमीटर. चाकं नसलेल्या काळात! दगडातले झिरकॉनसारखे सूक्ष्म खनिज-कण तपासून त्यांची वयं काढली, ती वेल्सशी जुळेनात. नवा दगड कुणी खणला नाही. प्रयोगशाळेत ठेवलेले जुने तुकडेच पुन्हा पाहिले.

निबंधाचा पहिला लेखक अँथनी क्लार्क. ऑस्ट्रेलियात पर्थला पीएचडी करत होता. मूळचा कुठला? वेल्सचा. ज्या डोंगररांगेतून ते निळे दगड आले, नेमका तिथला. आपल्या गावाच्या हातचा एक दगड काढून घेऊन त्यानं तो शेजाऱ्याच्या पदरात घातला. गावी गेल्यावर काकांनी काय म्हटलं असेल?

*

सान काश्यानो देई बान्यी. इटलीत टस्कनीत, गरम पाण्याचे झरे. 2022 मध्ये तिथल्या कुंडाच्या गाळातून काशाचे चोवीस पुतळे निघाले. इ.स.पू. दुसरं शतक ते इसवी सनाचं पहिलं, म्हणजे एत्रुस्कन लोक हळूहळू रोमन होत होते तो काळ. पुतळ्यांवर लेख दोन्ही भाषांत. बाहेर दोन्हीकडचे लोक एकमेकांशी लढत होते तेव्हा इथे एकाच पाण्यात बुडी मारत होते. खणणाऱ्यांचं हे म्हणणं मला जरा गोड वाटतं, पण लेख आहेत ते आहेत.

पुतळ्यांपेक्षा मी त्यांच्याबरोबरच्या वस्तू पाहिल्या. काशाचे कान. काशाचे पाय, हात. गर्भाशय. आतड्यांचा एक अख्खा संच, पाटीवर मांडल्यासारखा. नंतरच्या हंगामांत अंडी, शंकूच्या आकाराची पाइनची फळं, विणलेल्या डहाळ्या आणि काशाचा एक लांबलचक साप. गरम, गढूळ चिखलानं सगळं सांभाळलं.

यात मराठी माणसाला समजावून सांगण्यासारखं काय आहे? नवस. वांद्र्याला मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, डोळे मिळतात, ज्याचं जे दुखतं ते घ्यावं आणि चढवावं. देवीला चांदीचे डोळे वाहतात, मूल झालं तर पाळणा बांधतात. माझ्या आजीनं गुडघ्यासाठी काय वाहिलं होतं ते मला माहीत आहे आणि गुडघा बरा झाला नव्हता तेही. कान वाहणाऱ्या त्या रोमन माणसाला पुढे ऐकू आलं का, हे गाळ सांगत नाही. पण काशाचा कान ओतून घ्यायला तो कारागिराकडे गेला, घासाघीस केली, वजन करून घेतलं, हे दिसतं.

पाचव्या शतकात नव्या धर्मानं मंदिर बंद केलं. पण तोडफोड झाली नाही. पुतळे तसेच पाण्यात राहू दिले, वरून मंदिराचे खांब आडवे टाकले. जुन्या देवाचा अगदी अपमान करायचं धाडस नसावं.

*

पॉम्पेईचे ते पांढरे देह सगळ्यांनी फोटोत पाहिलेत. राखेत गाडलेली माणसं कुजून गेली, राखेत त्यांच्या आकाराची पोकळी राहिली. 1863 मध्ये जुझेप्पे फिओरेल्ली यांनी त्या पोकळ्यांत प्लास्टर ओतलं. अशाच एका देहाची ओळख कित्येक वर्षं ठरलेली होती. हातात सोन्याचं जड कडं, मांडीवर मूल. आई. दुसरं काय?

नोव्हेंबर 2024 मध्ये प्लास्टरमध्ये अडकलेल्या हाडांच्या तुकड्यांचा डीएनए पाहिला. कडं घातलेला माणूस पुरुष निघाला. मांडीवरचं मूल त्याच्या नात्याचं नव्हतं. बिलगलेल्या ‘दोन बहिणी’ म्हणून जो देह-जोड प्रसिद्ध होता त्यातला एक तरी पुरुष होता.

बातमी सगळीकडे ‘आई नव्हे, परका!’ अशा सुरात आली. मला ती उलटी वाटली. डोंगर कोसळतोय, वरून राख पडतेय, आणि एका पुरुषानं दुसऱ्याचं पोर मांडीवर घेतलंय. दागिन्यावरून बाई ठरवली ती आपण.

आपल्याकडे घोडनदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी 1968 पासून पंधरा वर्षं उत्खनन केलं. तिथे लहान मुलं घराच्या जमिनीखाली पुरलेली होती, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि मूल आत. मोठ्या माणसांचे पाय मात्र घोट्याखाली तोडलेले. पळून जाऊ नयेत म्हणून, असं काही म्हणतात. इनामगावचीही कुटुंबं आपण घरांवरून जुळवली. तिथल्या हाडांत डीएनए शिल्लक असेल आणि उद्या कुणी तो वाचला, तर कुणाचं कोण निघेल, सांगता येत नाही.

*

चुना. रोमन काँक्रीट दोन हजार वर्षं टिकतं आणि आमच्या सोसायटीचा सज्जा वीस वर्षांत का गळतो? एमआयटीचे अदमिर मासिच यांचं 2023 चं उत्तर असं: रोमन लोक चुना आधी विरवून न घेता कळीचा चुना तसाच ज्वालामुखीच्या राखेत मिसळत आणि मग पाणी घालत. मिश्रण रटरटून तापे. त्यात चुन्याच्या पांढऱ्या गाठी राहून जात. एरवी त्यांना कारागिराची आळशी घोटणी म्हटलं जाई. पुढे भेग पडली, पाणी शिरलं की ती गाठ विरघळते आणि भेग भरते. नंतर पॉम्पेईत एक अर्धवट बांधकाम मिळालं. इ.स. 79 साली व्हेसुव्हियस उसळला तेव्हा काम चालू होतं, राख आणि कळीचा चुना कोरडाच मिसळून ढीग घातलेला होता. पाणी घालायचं तेवढं राहिलं.

आपल्या किल्ल्यांवर चुन्याचा घाणा असतो. गोल दगडी चर, आत फिरणारं जड चाक, बैल नाहीतर रेडा. फोटो काढणारे त्यात उभे राहतात आणि पुढे जातात. तिथला चुना कसा मळला, त्यात काय काय घातलं, हे त्या चराच्या कडांना चिकटलेल्या खपल्यांत अजून असेल. सोळाव्या पानावर.

*

हर्क्युलेनियमच्या गुंडाळ्या. व्हेसुव्हियसनं त्याच 79 साली एका श्रीमंताच्या वाड्यातलं ग्रंथालय जाळलं. जाळलं म्हणजे कोळसा केला. अठराव्या शतकात बोगदे खणणाऱ्यांना त्या गुंडाळ्या जळके ओंडके वाटल्या, काही फेकूनही दिल्या. मग पिआज्जो नावाच्या पाद्र्यानं एक यंत्र केलं. धाग्यांनी टांगून गुंडाळी हळूहळू उलगडायची. काही उलगडल्या, कित्येकांचा भुगा झाला. शेकडो तशाच राहिल्या.

केंटकी विद्यापीठाचे ब्रेंट सील्स वीस वर्षं म्हणत होते की उघडू नका, क्ष-किरणांनी आतून वाचू. अडचण अशी, की शाई काजळीची आणि कागद कोळशाचा. काळ्यावर काळं. मार्च 2023 मध्ये क्ष-किरणांची चित्रं जगापुढे खुली केली आणि बक्षीस लावलं. ऑक्टोबरमध्ये एकवीस वर्षांच्या ल्यूक फॅरिटरनं पहिला शब्द काढला. ग्रीकमध्ये ‘जांभळा’. फेब्रुवारी 2024 मध्ये तो, युसुफ नादेर आणि ज्युलियन शिलिगर या तिघांनी दोन हजारांवर अक्षरं वाचून सात लाख डॉलरचं बक्षीस घेतलं. तिघं संगणकावरून जमले होते.

मजकूर काय होता? चैनीबद्दल. संगीत, खाणं. दुर्मीळ वस्तू दुर्मीळ आहे एवढ्यानं ती विपुल वस्तूपेक्षा जास्त सुख देते का, असा प्रश्न लेखकानं घातलाय. बहुधा फिलोडेमस नावाचा एपिक्युरसपंथी. त्याचं मत, लगेच तसं समजू नका.

जगातली सर्वात दुर्मीळ गुंडाळी, अडीचशे वर्षांची खटपट, सात लाख डॉलर, आणि आत हे. तो म्हातारा कुठे असेल तिथे हसत असेल.

*

पेरूमध्ये नाझ्काच्या वाळवंटात जपानच्या यामागाता विद्यापीठाचे मासातो साकाई आणि आयबीएमचे लोक यांनी सहा महिन्यांत 303 नवी भूचित्रं शोधली. आधीच्या साऱ्या शतकात सुमारे 430 मिळाली होती. विमानातून घेतलेले फोटो संगणकाला दिले, त्यानं इथे पाहा, तिथे पाहा असं सांगितलं, आणि मग माणसं चालत गेली. ‘कृत्रिम बुद्धिमत्तेचा चमत्कार’ अशा बातम्यांत चालत गेलेल्यांची पायपीट कुणी छापत नाही. नवी चित्रं लहान आहेत, पायवाटांच्या कडेला. माणसं, पाळीव प्राणी, कापलेली मुंडकी, सुरा धरलेला एक व्हेल मासा. आकाशातल्या देवांनी पाहावं म्हणून काढली, हा जुना हट्ट इथे टिकत नाही. वाटेनं जाणाऱ्यानं पाहावं म्हणून काढलीत.

कोकणातल्या सड्यांवरच्या कातळशिल्पांबद्दल सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी नेमकं हेच केलं, फक्त संगणकाऐवजी गुराख्यांना विचारलं. गावोगाव फिरून, सड्यावर काही ‘काढलेलं’ आहे का. लोकांना ठाऊक होतंच. पांडवांनी काढलं म्हणायचे. कशेळीचा हत्ती अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. गेंडाही आहे कुठे कुठे. कोकणात गेंडा! 2022 मध्ये अशी आठ ठिकाणं आणि गोव्याचं पणसायमळ मिळून युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कुंपणं, चौथरे, फलक झाले काही ठिकाणी. जिथे झाले नाहीत तिथे चिऱ्याच्या खाणी शेजारपर्यंत आल्या आहेत. चिरा तोच, जांभाच.

*

शेवटची नोंद जुनी आहे, 2020 ची, पण मी पुन्हा पुन्हा तिकडे जातो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतलं व्हाइट सँड्स. आटलेल्या सरोवराच्या काठी चिखलात उमटून वाळलेली पावलं. तिथली काही पावलं 21 ते 23 हजार वर्षांची आहेत असं 2021 मध्ये मांडलं गेलं, आणि माणूस अमेरिकेत केव्हा पोचला यावर मोठं भांडण पेटलं. परागकण मोजून, मग गाळ मोजून, वय तेच येतंय. पण माझी नोंद त्या भांडणाची नाही.

तिथे दीड किलोमीटरची एक सरळ वाट आहे, दहा हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची. एकच माणूस, बहुधा बाई, नाहीतर कोवळा मुलगा. चालण्याचा वेग भरभर, निसरड्या चिखलात असावा त्याहून जास्त. डाव्या पावलाचा ठसा उजव्यापेक्षा जरा वेगळा, कारण डाव्या कडेवर वजन आहे. मध्ये मध्ये मोठ्या पावलांशेजारी इवली पावलं उमटतात. मूल तीन वर्षांच्या आतलं. खाली उतरवलं, दम घेतला, पुन्हा उचललं. काही तासांनी तीच पावलं त्याच वाटेनं परत येतात. मधल्या वेळात एक महाकाय स्लॉथ वाट ओलांडून गेलाय. त्याला माणसाचा वास आला असावा, तो मागच्या पायांवर उभा राहून वळलेला दिसतो. एक मॅमथही गेलाय, त्यानं लक्ष दिलेलं नाही.

परतीच्या पावलांत डावं-उजवं सारखं आहे. कडेवर मूल नाही.

हे मी पुतणीला वाचून दाखवलं. तिचा धाकटा दोन वर्षांचा, तेव्हा तो तिच्याकडेच होता आणि माझा चष्मा ओढत होता. तिनं त्याला डाव्या कडेवरून उजव्या कडेवर घेतलं.

“मग सोडलं कुणाकडे?”

ते पावलांवरून कळत नाही, म्हटलं.

“आजीकडे,” ती म्हणाली. “दुसरं कुठे?”